निवडुंगखिंडीतला मागल्या

ऐका. आता गप बसून ऐका. जाळाच्या जवळ सरका सगळी, पण चुलाणाच्या अगदी तोंडाशी नको, ठिणगी उडते. उसाच्या रसाची काहील उतरायला अजून वेळ आहे. ताजा गूळ मिळेल सगळ्यांना, जीव टाकू नका. तोवर ऐका.

तिन्हीसांज टळून गेली होती. अमावस्या जवळ आलेली. अंधार असा, की आपला हात आपल्याला दिसू नये. आणि त्या अंधारात एक पोर निवडुंगखिंडीच्या वाटेला लागली होती. एकटी! हातात कंदील नाही, काठी नाही, पायात वहाण नाही. बारा वर्षांची पोर. नाव केशर.

ही केशर कोण? माझ्या सासूची थोरली बहीण. सासू तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती म्हातारी झाली होती, तोंडात दात नव्हता, पण ही गोष्ट सांगताना हाताच्या मुठी वळायच्या तिच्या. तिनं सांगितली तशी सांगते. पदरचं घालत नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढी पोर रात्रीची खिंडीत कशाला गेली? सांगते. ते आधी सांगायलाच हवं.

केशरचा बा दौलू, आय पारू. दोघं त्या दिवशी हळदीच्या मळ्यात कामाला. जाताना आयनं बजावलं, "सुभानाला सांभाळ. दार सोडू नको. आनि पांढरीकडं फिरकायचं न्हाई. सांगून ठेवते."

सुभाना म्हणजे केशरचा धाकटा भाऊ. पाच वर्षांचा. तिच्या पदराला धरूनच फिरायचा. ताई इकडं गेली की इकडं, ताई तिकडं गेली की तिकडं.

आणि पांढरी म्हणजे गावाबाहेरची जुनी वस्तीची जागा. तिथं जुनी पेवं होती. पेव माहीत आहे ना तुम्हाला? हळद साठवायची जमिनीतली कोठी. वरचं तोंड घागरीसारखं अरुंद, आतलं पोट रांजणापेक्षा मोठं. तोंडावर फरशी घालायची, वर माती. वापरातली पेवं ओळखू येतात. पण सोडून दिलेली? त्यावर गवत उगवतं. वरनं बघितलं तर साधी जमीन. आत पोकळ!

पण पांढरीत बोरं होती. पिकून लाल झालेली. आणि बोरं पिकली की आयचं सांगणं कुणाच्या ध्यानात राहतं? तुमच्या राहतं? नाही ना. मग केशरला कशाला हसता?

गेली. भावाला घेऊन गेली. ती बोरीच्या फांद्या हलवत होती, हा खाली वेचत होता. वेचत वेचत जरा लांब सरकला. आणि एकदम कडकन आवाज झाला. केशरनं वळून बघितलं. सुभाना नव्हता.

नव्हता! आत्ता होता, आत्ता नाही. गवतात एक भोक पडलेलं आणि त्यातनं धूळ वर येत होती.

ती धावत गेली. पोटावर पालथी पडून तिनं भोकात तोंड घातलं. "सुभाना! ए सुभाना!" आत काळंकुट्ट. कुजक्या हळदीचा वास. "सुभाना, बोल की रं!" ओ नाही. रडणं नाही. काही नाही. ओरडून ओरडून तिचा घसा बसला, तरी आतनं हूं की चूं नाही.

केशरच्या मनानं घेतलं, तो गेला. आपण त्याला मारला.

मग तिनं काय करायचं होतं? गावात पळत जायचं होतं, माणसं बोलवायची होती. तुम्हाला इथं जाळापाशी बसून सुचतंय. तिला नाही सुचलं. तिला बाचा हात दिसला. आयचं तोंड दिसलं. अख्खा गाव आपल्याकडं बोट करतोय असं दिसलं. ती उठली आणि गावाकडं पाठ करून चालायला लागली. कुठं? मामाकडं. खिंडीच्या पलीकडं मामाचं गाव. मामा लपवील, मामा काही विचारणार नाही, असं मनाशी म्हणत निघाली. दिवस बुडाला तरी चालतच होती.

आता ती खिंड.

निवडुंगखिंडीत मागल्या होता. तुम्ही खवीस ऐकलाय, हडळ ऐकलीय, चकवा तर तुमच्या आज्याला पण लागला असेल. पण मागल्या निराळा. कोण म्हणायचं तो कुणी परगावचा माणूस होता, साथीच्या रोगात घरच्यांना टाकून पळाला आणि खिंडीत मेला. कोण म्हणायचं तो मुळात माणूस नव्हताच. खरं काय, देवाला माहीत. पण तो नेहमी पाठीमागं असायचा, म्हणून नाव मागल्या. त्याचं तोंड कुणी बघितलं नव्हतं. कसं बघणार? पळणाऱ्याला पाठीमागचं काय दिसतंय?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पळणारे कुठं सापडायचे? खिंडीच्या डाव्या हाताला घळ आहे, तिच्या तळाशी. कुणीही ढकललेलं नसायचं. आपल्या पायांनी धावत गेलेले असायचे.

अगं पमे, माझा पदर सोड. भ्यायली की काय? सरक अशी माझ्याजवळ. ऐका.

केशर खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना निवडुंग, माणसाहून उंच. वारा नाही. रातकिडासुद्धा नाही. आणि तिच्या पावलांमागं एक पाऊल वाजलं.

ती थांबली. ते पण थांबलं. पण लगेच नाही हं. ती थांबल्यावर आणखी एक पाऊल वाजलं आणि मग थांबलं. म्हणजे आपल्याच पायाचा आवाज नव्हता तो!

ती भरभर चालायला लागली. मागचं पाऊल भरभर. ती पळायला लागली. मागचं पाऊल पळायला लागलं. आणि ऐका, तिनं हे नीट सांगितलं होतं मला. ती पळायला लागली तसं ते पाऊल जड झालं. आधी पोराच्या पायासारखं होतं, मग बाप्याच्या पायासारखं, मग बैलासारखं. धप्. धप्. धप्. ती जितकी जोरात पळायची, तितकं ते मोठं व्हायचं.

आणि मग मागनं हाक आली. "केशे!"

बाचा आवाज! अगदी बाचा. चिडल्यावर दौलूचा आवाज जसा घोगरा व्हायचा तसाच. "केशे! कुटं हाय माझा पोरगा? थांब, तुझी चामडी लोळवतो!"

थांबेल का ती? आणखी जोरात पळाली. पाय निवडुंगाला घासून रक्तानं भरले. मग मागं एक आवाज नाही, शंभर आवाज. अख्खा गाव. "हिनंच मारलं! धरा! हिनंच मारलं!" बायांचे आवाज, म्हाताऱ्यांचे आवाज, तिच्याबरोबर गजगे खेळणाऱ्या पोरींचे आवाज. कुणी तिच्या केसांना हात लावतंय असं वाटायचं. मानेवर ऊन ऊन श्वास लागायचा.

आणि त्या सगळ्या कालव्यात अगदी कानापाशी एक बारीक आवाज. गोड. आयसारखा. "पळ, माझे बाय. थांबू नको. मागं बघू नको. पळ."

आता इथं नीट ऐका. तुम्हाला सगळ्यांनी सांगितलंय ना, रात्रीचं मागं वळून बघायचं नाही? मीच सांगितलंय. ते बाकीच्या भुतांचं. ह्या मागल्याला तेच हवं होतं. वळू नये, बघू नये, नुसतं पळावं. त्याचं पोट त्याच्यावरच भरायचं.

"काकी, मग ती पळाली?"

पळाली रे. पळाली. तू मधीच बोलू नकोस.

पळता पळता तिच्या पाठीवर काहीतरी बसलं. हळूच. आधी कापसाच्या गाठोड्याएवढं. मग पाण्याच्या घागरीएवढं. मग पोत्याएवढं. पाठ वाकली. छाती फुटायला आली. श्वास घ्यायला गेली की घशात नुसता कुजक्या हळदीचा वास. आणि मागनं, सगळ्यांत मागनं, आता रडणं यायला लागलं. "ताई… ताई गं…"

सुभाना!

हे ऐकल्यावर केशरचं होतं नव्हतं ते बळ गेलं. तिनं कानांत बोटं घातली. बोटं घातली तरी ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात, देवासारखा, समोर उजेड दिसला.

पिवळा उजेड. कंदिलाचा. कंदील धरून कुणीतरी उभं. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी. मामा! "ये पोरी," मामा म्हणाला. "ये हिकडं. सुटलीस बघ. तुला कुनी काय इचारनार न्हाई. ये."

तुम्हीच सांगा, कोण गेलं नसतं? केशर धावत सुटली उजेडाकडं. मामाचे हात पसरलेले. आता पोचणार, आता पोचणार. आणि तिच्या पायाखालचा एक धोंडा सरकला. सरकला आणि गेला. गेला तो गेलाच. तो खाली पडल्याचा आवाज येईना. आला तेव्हा किती तरी वेळानं आला. खोल, खोल खालनं.

घळ!

केशर पालथी पडली आणि हाताला आलं ते झुडूप तिनं धरलं. काटे तळहातात घुसले, पण सोडलं नाही. डोकं नि खांदे घळीच्या कडेपुढं लोंबत होते. आणि मामा? मामा समोर उभा होता. अधांतरी. पायाखाली काही नसताना. हसत होता. "ये ना पोरी. एकच पाऊल." मग त्याचा उजेड मंद झाला आणि विझला.

कशीबशी ती मागं सरकली. कडेवर बसली. पुढं घळ. मागं मागल्या. डावीकडं उजवीकडं निवडुंगाची भिंत.

पळायला जागाच उरली नाही.

तिनं मला सांगितलं, "त्या वक्ताला मला काय वाटलं ठाव हाय का? लई दमल्यासारखं वाटलं. भ्यायचंसुदिक बळ ऱ्हायलं न्हवतं." मागं पावलं येतच होती. धप्. धप्. जवळ आली. अगदी पाठीशी येऊन थांबली. पाठीला थंडगार लागायला लागलं. आणि कानाशी आवाज, "पळ."

केशर म्हणाली, "कुटं पळू?"

 मग पुन्हा, "पळ."

आणि मग ती वळली.

वळली! तोंड फिरवून बसली आणि तिनं डोळे उघडून बघितलं.

तुम्हाला वाटत असेल समोर डोंगराएवढा राक्षस असेल, लाल डोळे, लोंबते दात. तिलाही तसंच वाटलं होतं. पण समोर होतं ते तिच्याएवढं. तिच्याच उंचीचं, धुरासारखं, कडा नसलेलं. आणि तोंडाच्या जागी तोंड नव्हतं. नाक नाही, डोळे नाहीत. जसं शेणानं सारवलेलं भुईवरचं रिकामं ठिकाण असतं ना, तसं. आणि ते थरथरत होतं. हो! ते थरथरत होतं.

"पळ ना," ते म्हणालं. आता आवाज बाचा नव्हता, आयचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

"न्हाई पळत."

"बा मारंल."

"मारू दे."

"गाव थुंकंल तोंडावर."

"थुंकू दे."

मग ते जवळ सरकलं. तिच्या तोंडाशी आलं. आणि हळूच म्हणालं, "सुभाना मेला असंल."

  केशर त्या नसलेल्या तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांतनं पाणी गळत होतं, पण नजर काढली नाही. आणि मग म्हणाली, "असंल. पर त्यो तिथं एकटाच हाय."

असं म्हणून ती उठली. आणि त्याच्याकडं एक पाऊल टाकलं.

ते मागं सरलं.

ऐकलंत? ते मागं सरलं! हिनं आणखी एक पाऊल टाकलं, ते आणखी मागं. गावाची वाट त्याच्या मागं होती. हिला तिकडंच जायचं होतं. मग ती चालत निघाली. पळत नाही हं, चालत. आणि तो मागल्या तिच्या पुढं, उलटा उलटा, पाठीमागं सरत चाललेला. मधनं मधनं उसळायचा. मध्येच बैलाएवढा व्हायचा, शंभर तोंडांनी ओरडायचा.   केशर थांबायची. पण पाठ फिरवायची नाही. थांबली की तो पुन्हा लहान व्हायचा. मग ती पुन्हा चालायची. कुत्र्याएवढा झाला, सशाएवढा झाला. खिंडीच्या तोंडाशी आली तेव्हा पुढ्यात नुसता जरासा धूर होता, चूल विझवल्यावर राहतो तेवढा. वाऱ्याची झुळूक आली आणि तोही गेला.

संपली गोष्ट असं वाटलं होय? बसा खाली. खरं अवघड पुढंच होतं. भुतासमोर उभं राहणं एक वेळ सोपं. बासमोर उभं राहणं?

गावात हलकल्लोळ माजला होता. दोन्ही पोरं नाहीत म्हटल्यावर माणसं कंदील घेऊन निघालेली. कुणी ओढ्याला, कुणी उसात. विहिरीत तर तिघं गडी उतरून गळ टाकत होते. पारू काठावर बसून कपाळ बडवत होती. पांढरीत कुणी गेलंच नव्हतं. पोरं तिकडं जाणार नाहीत, आयनं बजावलंय म्हणून!

केशर विहिरीपाशी आली. रक्तानं माखलेले पाय, केस सुटलेले. कुणीतरी ओरडलं, "आली! केशी आली!" पारू धावली. दौलू धावला.

"सुभाना कुटं हाय?"

आता बघा, तिला थाप मारता आली असती. वाट चुकले होते म्हणता आलं असतं. पण ती म्हणाली, "पांढरीतल्या पेवात पडला. मीच नेलं हुतं त्येला. आनि मी खिंडीकडं पळून गेले."

 विहिरीतल्या माणसांनीसुद्धा मान वर केली.

दौलूचा हात वर गेला. ह्या हातानं तो बैलाचं शिंग धरून बैल वळवायचा. केशर जागची हलली नाही. बाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बा, मारायचं ते नंतर मार. आधी चल."

तो हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला आणि त्यानं केशरचं मनगट धरलं. "दाव," म्हणाला.

सगळा गाव पांढरीकडं. केशर पुढं, कंदील मागं. तिनं भोक दाखवलं. दौलू ओरडला, "सुभाना!" ओ नाही. जुन्या पेवात हवा कोंडून विषारी होते, एकदम उतरणारा माणूस तिथंच राहतो. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून आत सोडला. ज्योत बारीक झाली. बारीक झाली, निळी झाली, पण विझली नाही. मग लिंबाच्या फांद्यांची मोळी दोराला बांधून वरखाली, वरखाली हलवली. आतली घाण हवा बाहेर काढायला. किती वेळ ते चाललं होतं! पारू नुसती त्या भोकाकडं बघत बसली होती.

पुन्हा कंदील सोडला. ज्योत पिवळी राहिली. आता उतरायचं. पण फरशी अर्धीच तुटली होती. दुसरा अर्धा तुकडा तोंडात तिरपा अडकलेला. काढायला जावं तर आत पडणार, आत पोर! आणि राहिलेल्या फटीतनं गडीमाणसाचे खांदे जाईनात. दौलूनं घालून बघितले. अंग सोलून निघालं. जाईनात.

"मी जाते," केशर म्हणाली.

"न्हाई," पारू किंचाळली. "एक ग्येलं, आता दुसरं न्हाई!"

"आय, मी जाते." एवढंच म्हणाली. आणि हात वर करून उभी राहिली, दोर बांधायला.

दौलूनं स्वतः गाठ मारली. काखेखालनं दोर घेतला, ओढून ओढून बघितला.  सोडली तिला खाली.

आत गुडूप अंधार. वरचं भोक ताटलीएवढं दिसत होतं. आणि खाली पाय टेकले ना टेकले, तोच पाठीमागं, अगदी पाठीमागं, एक पाऊल वाजलं.

हो. खिंडीतला तो. पेवात!

"दोर हलीव," तो म्हणाला. "वर जा. हात लावशील आनि थंड लागंल. नगं हात लावू. जा वर."

 दोर हातातच होता. एक हिसका दिला असता तर वर. पण ती म्हणाली, "तू हिथं बी आलास व्हय? ये. बस." आणि वाकून अंधारात हात पुढं केला.

हाताला पाय लागला. बारकासा. गार.

तिनं तो धरून ठेवला. सोडला नाही. हात वर सरकवला. गुडघा. पोट. पोट… हललं! जुन्या भुश्शाच्या ढिगावर पडला होता पोरगा. डोक्याला खोक, एक पाय वाकडा झालेला, पण श्वास होता. तिनं त्याला मांडीवर घेतला, गाल चोळले, तोंडाशी तोंड नेऊन हाका मारल्या. आणि त्यानं डोळे उघडले.

"ताई," म्हणाला. "म्या लई हाका मारल्या. तू ग्येली हुतीस?"

बघा, केवढा प्रश्न. पाच वर्षांच्या पोराचा.

"ग्येले हुते," केशर म्हणाली. "परत आले."

तिनं स्वतःचा दोर सोडून त्याला बांधला. आधी त्याला वर पाठवला. तो वर जाईपर्यंत ती त्या काळोखात एकटी उभी होती. पाऊल पुन्हा वाजलं का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "वाजलं असंल. माजं ध्यान नव्हतं. मी वर बघत हुते."

वर आलेल्या पोराला बघून पारूनं जो हंबरडा फोडला, तो म्हणे खिंडीपर्यंत ऐकू गेला. वैदूनं पाय बांधला. हाड जुळलं, पण जरा तिरकं. सुभाना जन्मभर एका पायानं लंगडत चालायचा. ते काही कुणाला पुसता आलं नाही. केशर त्याच्याकडं बघायची तेव्हा बघायची. नजर चुकवायची नाही.

आणि दौलूनं मारलं का? तुम्हाला तेच जाणून घ्यायचंय ना? नाही मारलं. पण बोललाही नाही. कैक दिवस बोलला नाही. गावानं मिळून जुनी पेवं मातीनं बुजवली, तेव्हा बापलेक शेजारी शेजारी पाट्या टाकत होते. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"खिंडीतनं माघारी कशी आलीस?"

"चालत."

दौलूनं फावडं मातीत रोवलं. मग म्हणाला, "मी तरना हुतो तवा एकदा त्या खिंडीत पळालो हुतो. घळीच्या काठाला एक झाड हुतं म्हनून वाचलो. अजून कदी कदी सपनात धाप लागती." आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मला न्हाई जमलं वळायला."

झालं. एवढीच गोष्ट.

तर पोरांनो, त्या खिंडीच्या वाटेला रात्रीचं जाऊ नका. आता तिथनं डांबरी रस्ता जातो, खांबावर दिवे आहेत, तरी जाऊ नका. मागल्या काही गेलेला नाही. तो एका खिंडीला बांधलेला असता तर केशरच्या मागं पेवात कसा उतरला असता? ज्याला कुठनं तरी पळून जायचंय त्याच्या पाठीला तो असतोच. तुमच्या हातनं काही फुटेल, काही हरवेल, कुणाचं नुकसान होईल. मग कानाशी कुणी गोड आवाजात म्हणालं, पळ, मागं बघू नको, तर समजा तो आला. जागच्या जागी थांबा. वळा. बघा त्याच्याकडं. भ्यायला होईलच. केशर म्हातारी झाली तरी भ्यायची. पण बघा.

उतरली बघा काहील. द्रोण घ्या, रांगेत या, ढकलाढकली करायची नाही. ऊन आहे, जीभ भाजेल. खाऊन झालं की सरळ घरी जायचं सगळ्यांनी. विहिरीच्या कडेची वाट अंधारी आहे, ठाऊक आहे मला. मागं काही वाजलं तर वाजू दे.

चालत जा.